दुसऱ्या शनिवारची वही: पुण्यात मुलांसोबत फिरायचं आणि घरी येऊन काहीतरी करायचं, ते कसं

बँकेला महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. आमच्या घरात चौथा शनिवार कामांचा: दळण, गाद्यांना ऊन, सासूबाईंची डॉक्टरांकडची फेरी, मुलांचे केस. दुसरा शनिवार मात्र मी गेली तीन वर्षं राखून ठेवला आहे. त्या दिवशी आम्ही पुण्यात कुठेतरी जातो आणि त्याच संध्याकाळी, नाहीतर रविवारी सकाळी, त्या जागेवरून सुचलेलं काहीतरी हाताने करतो. थोरली आता दहा वर्षांची आहे, धाकटा सहाचा. मैत्रिणी विचारतात, तुला हे जमतं कसं? सुरुवातीला जमलं नव्हतंच.

पहिल्या फेरीला मी शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती आणि केसरीवाडा एका दमात उरकले होते. सगळं जवळजवळ, रिक्षासुद्धा लागत नाही, असा माझा हिशेब. संध्याकाळी आजीने धाकट्याला विचारलं, काय काय पाहिलंस रे? तो म्हणाला, "एका दादाचा फुगा वर गेला." चार तास पायपीट आणि हाती एक फुगा, तोही दुसऱ्याचा.

पुढच्या महिन्यापासून आम्ही एका फेरीत एकच जागा घ्यायला लागलो. जागेतलीही एकच गोष्ट. आणि घरी आल्यावर तीच गोष्ट करायची. शनिवारवाड्याला परत गेलो तेव्हा फक्त दरवाजे बघितले. ते पाच आहेत: दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि जांभूळ. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर टोकदार खिळे आहेत. धाकटा त्यांच्याखाली उभा राहून आपल्याला ते लागतात का हे तपासत होता. कारंजं राहिलं, तटावरची चक्कर राहिली, पण घरी येऊन त्याने खोक्याच्या पुठ्ठ्याचा दरवाजा केला आणि त्यात आतून टाचण्या टोचल्या. तो दरवाजा पुढे वर्षभर आल्यागेल्याला दाखवला गेला.

आधी वही

भटकंतीच्या आधी वही करून ठेवा; प्रत्येक फेरीतली चित्रं, ठसे, तिकिटं तिच्यातच जातात. विकतची वही चालत नाही असं नाही, पण स्वतः शिवलेल्या वहीत मुलं पान फाडत नाहीत, हे मी बघितलं आहे. साहित्य घरचंच: ए-फोर आकाराचे जाडसर चित्रकलेचे कागद, गोधडीचा जाड दोरा, मोठ्या नेढ्याची सुई, मेणबत्तीचा तुकडा, एक दाभण आणि वरच्या वेष्टनासाठी जुनं कॅलेंडर किंवा लग्नपत्रिकेचा जाड कागद. हौस असेल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून एखादा हातकागद आणा. बाकी कागद अप्पा बळवंत चौकात मिळतो.

किती कागद घ्यायचे याचं गणित मी एकदा चुकवलं आहे, तुम्ही चुकवू नका. सहा कागद मधोमध दुमडले की चोवीस पानं होतात. महिन्याला समोरासमोरची दोन पानं, म्हणजे बारा महिन्यांना चोवीस, असं मी धरलं. पण शिवलेल्या वहीचं पहिलं पान आणि शेवटचं पान एकेकटं असतं, त्यांना जोडीदार नसतो. त्यामुळे जोड्या भरल्या अकराच, आणि डिसेंबर उरला. सात कागद घ्या. अठ्ठावीस पानं, तेरा जोड्या, आणि पहिलं-शेवटचं पान वेगळ्या कामाला मोकळं. मुलांच्या एकेक आणि आईची एक, अशा आमच्या घरी दरवर्षी तीन वह्या होतात. आईच्या वहीबद्दल पुढे लिहिते.

शिवायची रीत:

१. कागद एकेक करून दुमडा आणि चमच्याच्या पाठीने घडी पक्की करा. मग एकात एक घाला, सर्वांत बाहेर वेष्टन. घडी २१ सेंटिमीटर लांब येते.

२. वही मधोमध उघडा आणि घडीवर तीन खुणा करा: एक बरोबर मध्ये, दोन टोकांपासून तीन-साडेतीन सेंटिमीटर आत. खाली जाड सतरंजीची घडी ठेवून दाभणाने आरपार भोकं पाडा. हे काम मोठ्यांनीच करावं.

३. दोरा साधारण ६० सेंटिमीटर घ्या आणि मेणबत्तीवरून दोनदा ओढा. मेणामुळे त्याला पीळ पडत नाही. गाठ मारू नका.

४. सुई आतून, मधल्या भोकातून बाहेर काढा. आत चार बोटं दोरा सोडा. बाहेरून वरच्या भोकातून आत या. आतल्या बाजूने मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर जा. बाहेरून पुन्हा मधल्या भोकातून आत या.

५. आत आता एक लांब टाका दिसेल. दोऱ्याची दोन्ही टोकं त्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. दोन्ही टोकं ओढून घट्ट करा आणि लांब टाक्यावरून गाठ मारा.

ओढताना वर ओढू नका, घडीच्या रेषेत ओढा, नाहीतर भोकं फाटतात. आतली पानं बाहेरच्यांपेक्षा थोडी पुढे आलेली दिसतील. कातरलीत तर उत्तम, नाही कातरलीत तरी काही बिघडत नाही. थोरलीने आठव्या वर्षी हे सगळं दाभण सोडून स्वतः केलं.

चिकटवायला बाजारातला गोंद चालतो, पण सासूबाईंनी आम्हाला खळ करायला शिकवलं आणि तेव्हापासून घरात तीच. दोन मोठे चमचे मैदा आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, एकूण पाणी एक वाटी, मग मंद आचेवर सतत ढवळत राहायचं. मिश्रण पांढऱ्याचं दुधी काचेसारखं झालं की उतरवायचं. कीड लागू नये म्हणून पूर्वी तिच्यात मोरचूद घालत. ते विष आहे, मुलं बोटं चाटतात, तेव्हा ते मुळीच नको. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते. आंबट वास आला की टाकून द्या. खळ पातळ हाताने लावायची आणि पान वाळेपर्यंत वहीवर पाटा नाहीतर कुकर ठेवायचा. आमच्याकडे पाच लिटरचा कुकर ठेवतात, त्यामुळे शनिवारी रात्री वरणभात पातेल्यात होतो.

पिशवी आणि वेळ

पिशवीत दोन पेन्सिली, खोडरबर, मेणखडूचा एक मोठा तुकडा, पातळ कागदाच्या चार पट्ट्या, कोरडा नॅपकिन, पाणी आणि न सांडणारा खाऊ. शेंगदाण्याची चटणी लावलेली पोळी गुंडाळून नेली की भूक भागते आणि हात चिकट होत नाहीत. शाई, रंग, ब्रश बाहेर नेत नाही. संग्रहालयांत चालत नाहीत, आणि बागेत ते सांभाळायचं काम शेवटी आईच्याच गळ्यात पडतं.

घरून निघाल्यापासून घरी परत येईपर्यंत तीन तास, जास्तीत जास्त साडेतीन. सकाळी लवकर निघा. निघण्याआधी सगळ्यांनी बाथरूमला जाऊन यायचं, "मला नाही आली" हे उत्तर ग्राह्य नाही. जुन्या पेठांत पार्किंग शोधण्यात जो वेळ आणि जी चिडचिड जाते, ती मेट्रोने वाचते. आता कसबा पेठ आणि मंडई ही दोन्ही स्थानकं झाल्यामुळे गावातली निम्मी ठिकाणं गाडीशिवाय होतात, आणि धाकट्यासाठी तर जमिनीखालून जाणारी गाडी हीच मुख्य सहल असते. निघण्याआधी ती जागा त्या दिवशी उघडी आहे ना, ते विचारून घ्या. कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, हे आम्ही दाराशी जाऊन शिकलो. उन्हाळ्याची सुट्टी होती, वाराचं भान कुणालाच नव्हतं.

पाताळेश्वर आणि साबणाचं लेणं

जंगली महाराज रस्त्यावर इतकी वर्दळ असते की पाताळेश्वर समोर असून लक्षात येत नाही. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं हे लेणं, आणि अंगणात तो गोल नंदीमंडप, छत्रीसारखा. मुलांना एवढंच सांगायचं: इथे काहीही बांधलेलं नाही. विटा नाहीत, एकावर एक रचलेले दगड नाहीत. अख्खा खडक होता, नको तेवढा काढून टाकला, उरलं ते देऊळ. थोरलीला हे कळायला बराच वेळ लागला. "मग खांब कुठून आणले?" असं तिने तीनदा विचारलं. मी समजावत बसले नाही, वहीत मंडपाचा गोल आणि त्याचे खांब काढायला लावले आणि घरी आणलं.

घरी प्रत्येकाला अंगाच्या साबणाची एक नवी वडी. ताजी वडी मऊ असते, कोरली जाते. कपाटात वर्षभर पडलेली असेल तर तिचा भुगा होतो. हत्यार म्हणजे स्टीलचा चमचा आणि आईस्क्रीमची लाकडी काडी. सुरी नको. आधी पेन्सिलने वडीच्या दर्शनी बाजूवर दाराची चौकट आणि दोन खांब आखायचे, मग खांबांच्या मधलं आणि मागचं हळूहळू खरवडत आत जायचं. घाई केली की खांब मोडतो, आणि मोडलेला खांब परत लावता येत नाही. धाकट्याचे दोन्ही खांब गेले, तो रडला, मग म्हणाला की ही गुहा आहे आणि तिच्यात बिबट्या राहतो. थोरलीचा एक खांब शाबूत राहिला. त्यानंतर तिने तो प्रश्न विचारला नाही. खरवडलेला साबण बरणीत भरला आणि पायपुसणी धुवायला वापरला.

एक पथ्य आहे. मुलांना कागद ठेवून मेणखडू घासायची सवय लागली की ती कशावरही घासायला बघतात. संरक्षित वास्तूच्या दगडाला हात लावायचा नाही, घासायचं तर नाहीच. त्यासाठी झाडं आहेत. पाताळेश्वराजवळच संभाजी उद्यान आहे. पातळ कागदाची पट्टी खोडावर धरा, मेणखडू आडवा धरून हलक्या हाताने फिरवा. एका झाडाच्या सालीचा ठसा दुसऱ्यासारखा येत नाही. आमच्या वह्यांत अशा ठशांची एक जोडीच आहे.

केळकर संग्रहालय: एका मजल्यावर एक वस्तू

शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय हे मुलांना नेण्यासारखं पुण्यातलं सर्वांत उत्तम ठिकाण आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि सगळं बघायचा प्रयत्न केला तर सर्वांत दमवणारंही. चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून हे सगळं जमवलं आणि लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभं केलं. तिथे राजेरजवाड्यांच्या शस्त्रांपेक्षा घरातल्या वस्तू जास्त भाव खातात: दिवे, अडकित्ते, वज्री, डबे, दौती, वाद्यं. म्हणजे ज्या वस्तू कुणाच्या तरी आजीने हाताळल्या.

प्रत्येक मजल्यावर मुलाने एक वस्तू निवडायची, तिच्यासमोर जमिनीवर बसायचं आणि दहा मिनिटं काढायची. दहा मिनिटं खरोखरच घड्याळ लावून. पहिली तीन मिनिटं चुळबुळ होते, पाचव्या मिनिटाला मूल वाकून बघायला लागतं. थोरलीने अडकित्ता काढला: दोन पात्यांच्या जागी मिठी मारलेली माणसं. तिने विचारलं, सुपारी कापायला माणसं कशाला? मला उत्तर येत नव्हतं. घरी आजीने आपल्या माहेरच्या अडकित्त्याचा किस्सा सांगितला, तो तिने चित्राखाली लिहून घेतला. आजी-आजोबा घरी असतील तर ही फेरी वाया जातच नाही, कारण अर्धं संग्रहालय त्यांनी वापरलेलं असतं.

मंडई: वीस रुपये आणि एक भेंडी

१८८६ साली बांधलेली मंडई पूर्वी लॉर्ड रे यांच्या नावाची होती; आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. मधला मनोरा अष्टकोनी आहे. खाली उभं राहून मुलांना कोपरे मोजायला लावा, त्यांना ते एका जागेवरून मोजता येत नाहीत, भोवती फिरावं लागतं. तेवढ्यात तुमची भाजी घेऊन होते.

प्रत्येकाला वीस रुपये द्यायचे, आणि भाव त्यांनीच विचारायचा. धाकट्याने पहिल्यांदा एका मावशींना "एक भेंडी द्या" म्हटलं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, पाव किलोच्या ढिगातली एक उचलून त्याच्या हातावर ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. आता तो दर वेळी त्यांच्याकडेच जातो, पाव किलो घेतो.

घरी ठसे. भेंडी देठाच्या बाजूने दोन बोटं सोडून आडवी कापायची: पाच पाकळ्यांचं फूल तयार. तिचा बुळबुळीतपणा फडक्याने पुसून पंधरा मिनिटं वाळू द्या, नाहीतर रंग कागदावर उमटत नाही, पसरतो. कारल्याची चकती म्हणजे दातेरी चक्र, उभ्या कापलेल्या कोबीचं डेरेदार झाड होतं, आणि कांद्याच्या वळ्यांनी धाकटा तळं करतो. रंग थेट ओतू नका. ताटलीत ओला स्पंज ठेवून त्याच्यावर पोस्टर रंग पसरा आणि भाजी त्यावर टेकवा. आम्ही याच ठशांनी वह्यांची वेष्टनं केली आणि भाऊबीजेची पाकिटंसुद्धा. ठशांची भाजी रंग लागला की खायची नाही, म्हणून एकेकच घ्यायची. उरलेल्या भेंडीची रात्री परतून भाजी, आणि आश्चर्य म्हणजे त्या दिवशी ती दोघंही खातात.

मंडईतून तुळशीबागेचा बाजार दोन मिनिटांवर. जाऊ नका. म्हणजे जा, पण दुसऱ्या दिवशी, आणि मुलांशिवाय.

सिंहगड, आणि मग किल्ला

वर्षातली मोठी फेरी ही. बाकी सगळं गाळलं तरी चालेल, हे गाळू नका. पाऊस ओसरला की, दिवाळीच्या महिनाभर आधी, आम्ही सिंहगडावर जातो. आतकरवाडीतून चढून जायचं, सूर्य वर यायच्या आत. दहा वर्षांचं मूल आरामात चढतं. सहा वर्षांचं प्रत्येक वळणावर बसतं, तेव्हा वेळ दुप्पट धरा. शनिवार-रविवारी घाटरस्त्याला गाड्यांची रांग लागते, त्यापेक्षा चढणं बरं.

गडावर जायच्या आधी मुलांना कामं वाटून द्यायची, कारण घरी दिवाळीत हाच गड बांधायचा असतो. थोरली नकाशा काढते: पुणे दरवाजा कुठे, कल्याण दरवाजा कुठे, देवटाकं, तानाजी मालुसऱ्यांची समाधी, राजाराम महाराजांची समाधी, टिळकांचा बंगला. धाकटा मोजतो: बुरूज, पाण्याची टाकी, कुत्री. मी उतार बघते, कुठून सरळ कडा आहे आणि कुठून वाट चढते. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळे नेमके कुठून चढले असतील, यावर दरवर्षी वाद होतो. मग पिठलं-भाकरी, ठेचा आणि मडक्यातलं दही. परतीला पायथ्यापासून पीएमपीची बस मिळते.

आता किल्ला.

*जागा आणि सांगाडा.* आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, अंगण नाही. गॅलरीत जुनी प्लायवूडची फळी, तिच्यावर जाड प्लास्टिक, कडेने विटा. फळीखाली दोन विटा एका बाजूला जास्त लावा म्हणजे पाणी एकाच कोपऱ्यातून ओघळेल, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळवणावर पडणार नाही. विटा, दगड, उलटे डबे रचून डोंगराचा आकार करा. त्यावर ओलं गोणपाट टाकून ठिकठिकाणी दाबा. गोणपाट पडलं की कडे आणि घळी आपोआप दिसायला लागतात, आणि हा क्षण मुलांना दाखवायला विसरू नका.

*माती.* नर्सरीतून लाल माती आणा, चाळा, आणि पोळीच्या कणकेपेक्षा सैल भिजवा. खाली पातळ चिखल गोणपाटात मुरवायचा, तो पूर्ण शोषला गेला की वरून घट्ट मातीचा थर थापायचा. एकाच दिवशी जाड थर दिला की भेगा पडतात. पडल्याच तर बोट ओलं करून चिखल भरा. तट आणि बुरूज दुसऱ्या दिवशी. बुरुजांना औषधाच्या बाटलीची टोपणं साचा म्हणून झकास चालतात.

*हिरवळ.* अळीव रात्रभर भिजवा. सकाळी ते बुळबुळीत होतात, तसेच उतारावर बोटांनी पसरा. ते मातीला चिकटतात, घरंगळत नाहीत, म्हणून मोहरीपेक्षा चढाला अळीव बरे. मोहरी सपाटीवर टाका. वसुबारसेला हिरवं दिसायला हवं असेल तर सात-आठ दिवस आधी पेरा. पाणी फक्त फवाऱ्याने, दिवसातून दोन-तीनदा. पहिल्या वर्षी मी ऑफिसात असताना धाकट्याने किल्ल्याला तहान लागली म्हणून तांब्याने पाणी घातलं. कल्याण दरवाजा वाहून गॅलरीच्या जाळीपर्यंत आला होता.

*चित्रं.* कसब्यातल्या कुंभारवाड्यात दिवाळीआधी मातीच्या चित्रांनी रस्ते भरतात: सिंहासनावरचे महाराज, मावळे, गवळणी, वाघ, तोफा, शेतकरी. जायचं तर शनिवारी नको, आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी. घेण्याआधी आपल्या दरवाज्याची उंची दोऱ्यावर गाठ मारून न्या. दोन वर्षं आमचे पहारेकरी दरवाज्यापेक्षा उंच होते, आत शिरायचं झालं तर त्यांना रांगावं लागलं असतं. महाराज मोठेच असतात, ते चालतं. मावळे मात्र लहानात लहान शोधा.

आणि मुलांचं ऐका. खऱ्या सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा आहे, तो मला आपल्या किल्ल्यात नको होता. शिवाजी महाराजांच्या वेळी कुठला टीव्ही, असं मी म्हटलं. धाकट्याचं म्हणणं, "पण आपण बघितला ना तो?" त्याने उदबत्तीच्या काड्या दोऱ्याने बांधून मनोरा उभा केला, वर लाल मणी लावला. पाडव्याला आलेल्या प्रत्येक पाहुण्याने आधी त्याकडेच बोट दाखवलं आणि म्हटलं, अरे, हा तर सिंहगड!

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडायचा, तोही मुलांनीच. माती कुंड्यांत, चित्रं कागदात गुंडाळून बुटाच्या खोक्यात, गोणपाट धुऊन पोटमाळ्यावर.

कंटाळ्याच्या महिन्यांसाठी

दर महिना असा भरगच्च जात नाही. परीक्षा असते, ताप असतो, मार्चअखेरीला तर माझाच जीव मेटाकुटीला आलेला असतो. त्या वेळी पेशवे पार्कात फुलराणीची, म्हणजे तिथल्या छोट्या आगगाडीची, एक फेरी, १९५६ पासून ती तशीच गोल फिरते आहे, आणि घरी काड्यापेट्यांचे डबे जोडून तिचीच गाडी. किंवा सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान: ओकायामाच्या बागेच्या धर्तीवर केलेलं, पाण्याकाठी शांत बसायला छान, चेंडू खेळायला निरुपयोगी, म्हणून दमलेल्या आईच्या सोयीचं. संध्याकाळी वहीत तिकीट चिकटवलं आणि तारीख घातली तरी पान झालं. रिकामी जोडी ठेवू नका, एवढंच. एक रिकामी राहिली की पुढच्या दोन राहतात.

आईची वही

पहिलं वर्षभर मी फक्त पिशवी धरणारी, फोटो काढणारी आणि "इकडे बघ" म्हणणारी होते. वही दोघांचीच होती. वर्षाच्या शेवटी पानं उलटताना लक्षात आलं, की बारा ठिकाणी जाऊन मी स्वतः काय बघितलं ते मला आठवत नव्हतं. दुसऱ्या वर्षी तिसरी वही शिवली. ती दहा मिनिटं घड्याळ लावतात ना, त्यात मीही बसते. चित्रकला यथातथाच आहे. केळकर संग्रहालयातला माझा लामणदिवा चिंचेसारखा दिसतो. मुलं हसतात, हसू देत. पण त्या दहा मिनिटांत कुणी मला पाणी मागत नाही. तिघंही मान खाली घालून बसलेलो असताना मधे बोलायची कुणालाच आठवण राहत नाही.

नवऱ्यालाही एक वही शिवून दिली होती. तो तीत पेट्रोलचा हिशेब लिहितो.

पहिल्या एकट्या पानावर आम्ही पुण्याचा नकाशा काढतो, नदी आणि टेकड्या एवढाच, आणि गेलेल्या जागी ठिपका देतो. शेवटच्या पानावर राहून गेलेल्या जागा लिहितो. माझ्या वहीत तिथे सध्या दोन नावं आहेत: आगाखान पॅलेस आणि आयुका ही खगोलशास्त्राची संस्था. आयुकाचं नाव थोरलीने स्वतः लिहिलं, कारण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी तिथे सगळ्यांना आत जाता येतं, असं तिला शाळेत कळलंय. कॅलेंडरात बघितलं तर तो दिवस दुसरा शनिवार असू शकत नाही. एक रजा टाकून ठेवावी लागेल.